कोलॅटरल म्हणजे नक्की काय? बँकेच्या टेबलावर अडवणारा एक इंग्रजी शब्द



व्यवसाय कर्जावर कुठलाही व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, सरकार म्हणतं कोलॅटरल फ्री लोन. मग बँकवाले मशीन स्वतःच्या नावावर का चढवून घेतात?" हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की बँक फसवते आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. घोळ त्या एका शब्दात असतो. म्हणून आज कर्जाची योजना बाजूला ठेवू आणि फक्त हा शब्द घेऊ: कोलॅटरल. इंग्रजी पेपरातला अवघड शब्द म्हणून तो पाठ करायचा नाही. उद्या शाखेत बसल्यावर समोरचा काय म्हणतो आहे आणि आपण कशावर सही करतो आहोत, हे कळावं म्हणून तो शिकायचा.

आधी उच्चार. बरेच जण पहिल्या अक्षरावर जोर देतात. इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर येतो: को-लॅ-टरल, 'लॅ' ठळक. पहिलं अक्षर हलकंच सोडून द्यायचं.

शब्द कुठून आला

मूळ लॅटिन. 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'लॅटस' म्हणजे बाजू. कोलॅटरल म्हणजे बाजूबाजूने चालणारं, शेजारचं, जोडीचं. याच घराण्यातले शब्द तुम्ही रोज ऐकता. डिप्लोमा झालेल्या पोरांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, ती 'लॅटरल एन्ट्री', म्हणजे बाजूच्या दाराने. दोन देशांमधला करार 'बायलॅटरल', दोन बाजूंचा.

आता कर्जाकडे बघा. मुख्य गोष्ट काय असते? तुमचा शब्द: "मी घेतलेले पैसे व्याजासकट परत करीन." त्या शब्दाच्या शेजारी, जोडीला, बँक एक वस्तू उभी करून ठेवते. शब्द मोडला तर वस्तू आहे. म्हणून ती वस्तू कोलॅटरल. मराठीत आपण 'तारण' म्हणतो, आणि मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण त्यात तारणारा कोण हे लगेच कळतं. फक्त तो तारतो बँकेला, आपल्याला नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

एक इंग्रजी शब्द, मराठीत अख्खं कुटुंब

इंग्रजी बोलणारा सगळ्याला कोलॅटरल म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे मात्र वस्तू कुणाच्या ताब्यात राहते यावरून शब्द बदलतो. चिनी भाषेतही असंच आहे; वस्तू ताब्यात द्यायची की नाही यावरून त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे इंग्रजी शिकताना तिकडची मुलंही इथेच अडखळतात. आपल्याला हा फरक घरातून माहीत असतो. फक्त त्याची इंग्रजी नावं लावून घ्यायची आहेत.

सोनं घेऊन बँकेत गेलात, दागिने वजन करून पाकिटात सील झाले आणि तिजोरीत गेले. वस्तू त्यांच्या ताब्यात. याला इंग्रजीत 'प्लेज'. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याची व्याख्या आहे. साखर कारखाने गोदामातली साखर तारण ठेवून पैसा उचलतात, तेही प्लेजच. माल कारखान्याच्याच आवारात पडून असला तरी बँकेच्या परवानगीशिवाय पोतं हलत नाही.

पिठाची गिरणी, पशुखाद्याचं मिक्सर मशीन, टेम्पो, दुकानातला माल, दुभती म्हैस: या वस्तू तुमच्याकडेच राहतात, तुम्ही वापरता, त्यावर कमावता, पण त्यांच्यावर हक्क बँकेचा. याला 'हायपोथिकेशन'. मराठीत किती सुंदर शब्द आहे: नजरगहाण. वस्तू तुमच्या दारात, नजर बँकेची. गाडीच्या आरसी बुकावर बँकेचं नाव असतं ते यासाठीच.

आणि घर, प्लॉट, जमीन: 'मॉर्गेज', गहाणखत. याचा कायदा १८८२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. बोजा हा शब्द कुणी निवडला माहीत नाही, पण ज्याच्या उताऱ्यावर तो असतो त्याला त्याचं वजन बरोबर कळतं.

म्हणजे बँकवाला नुसतं "कोलॅटरल काय देणार?" म्हणाला तर तुमचा पहिला प्रश्न हा हवा: प्लेज, हायपोथिकेशन की मॉर्गेज? या एका प्रश्नाने तुम्ही खुर्चीत जरा सरळ बसता, आणि समोरचाही.

खरा घोळ इथे आहे

इंग्रजी शब्दकोशात कोलॅटरल म्हणजे कर्जासाठी तारण ठेवलेली कुठलीही वस्तू. भारतीय बँकांच्या कागदांत मात्र हा शब्द जास्त अरुंद अर्थाने चालतो. तिथे दोन रकाने असतात. 'प्रायमरी सिक्युरिटी' आणि 'कोलॅटरल सिक्युरिटी'.

प्रायमरी म्हणजे कर्जाच्या पैशातून जे उभं राहिलं तेच. मशीनसाठी कर्ज घेतलं तर मशीन. मालासाठी घेतलं तर माल आणि येणं. कोलॅटरल म्हणजे त्या व्यतिरिक्त, बाजूने दिलेलं जास्तीचं तारण: घर, वडिलांची जमीन, मुदत ठेव, विमा पॉलिसी. शब्दाचा मूळ अर्थ आठवा, शेजारचं. बँकेने तो अगदी मुळाला धरून वापरलाय.

समजा, घोडेगावच्या एका तरुणाला पशुखाद्य बनवायचं युनिट टाकायचं आहे. जागा बरी आहे. अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर रस्ता दारात, जनावरांचा मोठा बाजार गावात, गिऱ्हाईक स्वतः चालत येतं. प्रकल्प ८ लाखांचा. बँक म्हणते २० टक्के मार्जिन तुमचं, म्हणजे १ लाख ६० हजार स्वतःचे, आणि ६ लाख ४० हजार कर्ज. मंजुरीपत्र इंग्रजीत येतं. त्यात दोन ओळी असतात:

'प्रायमरी सिक्युरिटी: हायपोथिकेशन ऑफ मशिनरी अँड स्टॉक.'
'कोलॅटरल सिक्युरिटी: निल. कव्हर्ड अंडर सीजीटीएमएसई.'

पहिली ओळ वाचून पोरगा घरी येऊन म्हणतो, "कोलॅटरल फ्री म्हणाले आणि मशीन लिहून घेतलं." नाही रे बाबा. दुसरी ओळ वाच. कोलॅटरल निल आहे. घर सुटलं, बापाची जमीन सुटली. मशीन मात्र बँकेच्या नजरगहाणात आहे, ते राहणारच. 'कोलॅटरल फ्री' म्हणजे 'सिक्युरिटी फ्री' नव्हे. ते मशीन बँकेला न विचारता विकता येत नाही, दुसऱ्या कर्जाला लावता येत नाही, आणि त्याचा विमा काढावा लागतो.

आणि 'मार्जिन' म्हणजे तारण नाही, हेही इथेच स्पष्ट करतो. मार्जिन म्हणजे प्रकल्पात तुमच्या खिशातून गेलेला पैसा. तो बँकेकडे ठेवलेला नसतो, मशीनमध्ये गेलेला असतो. मुलाखतीला बसून "माझं कोलॅटरल १ लाख ६० हजार आहे" असं म्हणणारे भेटतात. समोरचा अधिकारी समजून घेतो, पण मनात एक खूण करून ठेवतो.

'कोलॅटरल फ्री' कुणाच्या जिवावर?

बँक जास्तीचं तारण सोडते, कारण तिच्या शेजारी दुसरं कुणीतरी उभं राहतं. सीजीटीएमएसई हा ट्रस्ट २००० साली भारत सरकार आणि सिडबीने मिळून उभा केला. कर्ज बुडालं तर बुडालेल्या रकमेचा ठराविक हिस्सा तो बँकेला भरून देतो. त्याची कमाल मर्यादा वाढत गेली. १ एप्रिल २०२५ पासून ती १० कोटी रुपयांपर्यंत नेली. या संरक्षणासाठी फी लागते आणि ती बऱ्याचदा कर्जदाराकडून घेतली जाते. मंजुरीपत्रात 'गॅरंटी फी' अशी ओळ दिसली तर ती हीच. फुकट काही नसतं. मुद्रा कर्जाला वेगळा हमी निधी आहे, त्याचं नाव सीजीएफएमयू.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. २०२४ मध्ये 'तरुण प्लस' आलं, २० लाखांपर्यंत, पण ते ज्यांनी आधीचं तरुण कर्ज नीट फेडलं त्यांनाच. रिझर्व्ह बँकेनेही लघु उद्योगांच्या छोट्या कर्जांना जास्तीचं तारण मागू नये असा नियम घातला आहे. २०१० मध्ये ही मर्यादा ५ लाखांवरून १० लाख केली गेली. अशा मर्यादा बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू आकडा शाखेत विचारायचाच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. नियम बँकेला 'मागू नको' म्हणतो. तुम्ही स्वतः हौसेने सोनं दिलंत तर काय? जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की शेती आणि लघु उद्योगाच्या कर्जाला कर्जदाराने स्वखुशीने सोनं-चांदी तारण दिली तर तो नियमभंग मानला जाणार नाही. म्हणजे 'स्वखुशीने' या शब्दाकडे लक्ष ठेवा. माझं स्पष्ट मत आहे: मर्यादेच्या आतलं कर्ज असेल आणि शाखेत "एवढं सोनं ठेवा, काम लवकर होईल" असं सूचक बोललं गेलं, तर लगेच हो म्हणू नका. "मी विचार करून सांगतो" म्हणा आणि अर्जाची पोच घेऊन घरी या.

आता सगळ्यात धोकादायक गैरसमज. "गॅरंटी आहे ना, मग बुडलं तरी सरकार भरेल." भरेल, बँकेला. तुमचं देणं तसंच राहतं. बँक वसुली चालूच ठेवते, सिबिलवर डाग बसतो तो वेगळा. आणि धंदा तुमच्या एकट्याच्या नावाने, प्रोप्रायटरशिप असेल, तर कायद्याच्या नजरेत धंदा आणि तुम्ही एकच. कोलॅटरल निल लिहिलं म्हणजे तुमचं बाकीचं काही धोक्यात नाही असं नाही. फक्त बँकेचा त्यावर थेट, आधीपासून लिहिलेला हक्क नाही. कोर्टाच्या वाटेने ती तिथवर पोहोचू शकते.

फोनवर "विदाऊट कोलॅटरल, विदाऊट सिबिल, फक्त २ हजार प्रोसेसिंग आधी भरा" असं कुणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या. मुद्राने कर्जासाठी कुणालाही एजंट नेमलेलं नाही.

चांगलं तारण कसं ओळखायचं? कांदा आणि म्हैस बघा

हा धडा घोडेगावात बसून सगळ्यात सोपा होतो. घोडेगावला कांद्याचं मोठं मार्केट आहे. चाळीत लाखोंचा कांदा भरलेला असतो. मग शेतकरी म्हणतो, एवढा माल आहे, यावर कर्ज का नाही? तारणाकडे बँकेच्या डोळ्याने बघा. सहा महिन्यांनी ती वस्तू तेवढीच असेल का? कांद्याचं वजन घटतं, सड लागते, कोंब फुटतात. आज मोजलेला कांदा दिवाळीला तेवढा भरत नाही. भाव काय असेल हे तर ब्रह्मदेवही सांगणार नाही. निर्यातीचा एक निर्णय आला की आठवड्यात चित्र पालटतं. वस्तू मोठी आहे, पण तारण म्हणून कच्ची.

याउलट सोयाबीन, तूर, हरभरा, मका. वाळवून पोत्यात भरला की टिकतो, प्रत ठरवता येते, विकायला बाजार तयार. म्हणून राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, जी १९९०-९१ पासून चालू आहे, ती अशा मालावर उभी आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या साधारण ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने उचलायची, सहा महिन्यांत भाव बघून विकायचा. वखारीची पावती घेऊन बँकेत जाणं हाही त्याचाच भाऊ. त्यासाठी २००७ चा वखार कायदा आहे. धान्याचा, डाळीचा, पशुखाद्याचा धंदा करणाऱ्याने हे जरूर बघावं, कच्चा माल हंगामात घेऊन ठेवायला पैसा लागतो तेव्हा उपयोगी पडतं.

हा जो ७५ टक्क्यांचा हिशेब आहे त्याला इंग्रजीत 'लोन टू व्हॅल्यू' म्हणतात. शंभरच्या वस्तूवर पंच्याहत्तर. उरलेले पंचवीस भाव पडला तर बँकेच्या अंगावर येऊ नये म्हणून.

म्हशीचं काय? म्हैस चालतं-बोलतं तारण आहे. आज आहे, उद्या आजारी. म्हणून दूध धंद्याच्या कर्जात विमा येतो, कानात बिल्ला येतो. बिल्ला पडला आणि म्हैस गेली तर विमा कंपनी विचारते बिल्ला कुठाय. 'नो टॅग, नो क्लेम'. तारण टिकाऊ नसेल तर त्याला विम्याचा टेकू लावतात, एवढंच.

जाता जाता. घोडेगावहून जवळच शनिशिंगणापूर. घरांना दारं-कुलपं नसलेलं गाव म्हणून प्रसिद्ध. युको बँकेने २०११ मध्ये तिथे शाखा काढली ती सुद्धा कुलपाशिवायची, आणि त्याची देशभर बातमी झाली. कर्जाचे नियम मात्र त्या शाखेला वेगळे नाहीत.

इंग्रजीत हा शब्द चालवायचा कसा

कर्जाच्या अर्थाने हा शब्द मोजता न येणारं नाम आहे, 'मनी' किंवा 'वॉटर'सारखं. 'अ कोलॅटरल', 'टू कोलॅटरल्स' असं म्हणत नाहीत. आपल्याकडे बँकेतली माणसंही बोलताना 'कोलॅटरल्स' म्हणतात, बोलण्यात चालून जातं, पण लेखी अर्जात टाळा. त्याच्यासोबत येणारी क्रियापदं ठरलेली आहेत: 'ऑफर', 'प्रोव्हाइड', 'प्लेज', आणि सोडवून घेताना 'रिलीज'. 'गिव्ह कोलॅटरल' चुकीचं नाही, पण कच्चं वाटतं.

ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

'व्हॉट कोलॅटरल डू यू रिक्वायर?' तुम्हाला काय तारण लागेल?
'आय कॅन ऑफर अ फिक्स्ड डिपॉझिट अ‍ॅज कोलॅटरल.' मी मुदत ठेव तारण देऊ शकतो. 'अ‍ॅज' विसरू नका, 'फॉर कोलॅटरल' नको.
'इज धिस लोन अव्हेलेबल विदाऊट कोलॅटरल अंडर सीजीटीएमएसई?' हे वाक्य तर पाठच करा.

'गॅरंटी' आणि 'कोलॅटरल' एकमेकांच्या जागी वापरू नका. कोलॅटरल ही वस्तू, गॅरंटी हा माणसाचा किंवा संस्थेचा शब्द. गॅरंटर म्हणजे जामीनदार. मामांनी सही केली तर ते गॅरंटर झाले, मामांचं घर लिहून दिलं तर ते घर कोलॅटरल. मामांना हा फरक सही आधी सांगणं तुमची जबाबदारी.

बाकीचे अर्थ पटकन. 'कोलॅटरल डॅमेज' म्हणजे युद्धात लक्ष्य नसताना बाजूला मारले गेलेले लोक, झालेलं नुकसान. १९९१ च्या आखाती युद्धानंतर हा शब्दप्रयोग घराघरात गेला. धंद्यात आता सर्रास वापरतात, "मोठ्या दुकानांच्या भांडणात आम्ही कोलॅटरल डॅमेज झालो." 'मार्केटिंग कोलॅटरल' म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, माहितीपत्रक, स्टँडी, कॅटलॉग. डिझायनर मुलगी फोनवर "तुमचं कोलॅटरल पाठवा" म्हणाली तर सातबारा पाठवू नका. डॉक्टर अँजिओग्राफीच्या रिपोर्टात 'कोलॅटरल्स' लिहितात, तिथे अर्थ मुख्य रक्तवाहिनी तुंबल्यावर बाजूने वाढलेल्या बारीक वाहिन्या.

आणि एक अर्थ खास आपला. हिंदू वारसा कायद्यावरच्या इंग्रजी पुस्तकांत 'कोलॅटरल्स' म्हणजे एकाच मूळ पुरुषाच्या शेजारशेजारच्या फांद्या. चुलते, चुलतभाऊ. थोडक्यात भावकी! इथे अनेकवचन बिनधास्त चालतं.

भावकी आणि तारण एकाच उताऱ्यावर

हा शब्दांचा योगायोग गंमतीचा वाटतो, पण बँकेत तो गंमतीचा राहत नाही. मर्यादेच्या वरचं कर्ज, हमी योजनेत बसत नाही, बँक जमीन मागते. उताऱ्यावर नावं किती? तुम्ही, दोन भाऊ, आणि वारसाने लागलेल्या बहिणी. जमीन वाटून घेतलेली नाही, तोंडी वहिवाट आहे. वकील साधारण तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो आणि शेरा मारतो: सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. इथे कितीतरी चांगले प्रकल्प अडतात. उपाय दोनच: सगळ्यांच्या सह्या किंवा रीतसर वाटणीपत्र आणि फेरफार. हे काम कर्जाच्या अर्जानंतर सुरू केलं तर हंगाम जातो. धंद्याचा विचार मनात आला त्याच दिवशी उतारा काढून बघा.

शेतजमिनीबद्दल आणखी एक. "शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, बँक काही करू शकत नाही," असं गावात छातीठोकपणे सांगणारे असतात. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात न जाता ताबा घेता येतो, आणि शेतजमीन त्यातून वगळली आहे, हे खरं. पण वसुलीचा तो एकच रस्ता नाही. दिवाणी दावा आहे. सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर सहकार कायदा १९६० चं कलम १०१, त्याखाली वसुली दाखला मिळतो आणि जप्तीपर्यंत जाता येतं. गावातल्या पतसंस्थेत जमीन लिहून देताना हे माहीत असायला हवं.

सोडवून घेणं

कर्ज फिटलं की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई कर्जदाराला. शाखेला लिहायचं वाक्य: 'माय लोन इज फुली रिपेड. काइंडली रिलीज द कोलॅटरल अँड रिटर्न माय ओरिजिनल डॉक्युमेंट्स.' अर्जावर तारीख आणि पोच घ्या, कारण ३० दिवस मोजायला तीच लागते. नंतर बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र तलाठी कार्यालयात द्या आणि फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून 'इतर हक्क' रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. यंत्र किंवा प्लॉट असेल तर सरसाई या केंद्रीय नोंदणीतून बँकेचा हक्क उतरला का, हेही शाखेत विचारून घ्या. पुढच्या कर्जाच्या वेळी दुसरी बँक सगळ्यात आधी तिथेच बघते.